मागच्या एक्सलचा तडा

सावकाशरावांनी आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर केली, ती म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न. तेही तिने घाई केली म्हणून. बाकी सगळा आनंदच आहे. बसच्या डेपोत हा गृहस्थ एकतीस वर्षं फिटर होता, आणि एकतीस वर्षांत त्याने एक तरी काम ठरल्या दिवशी पुरं केलेलं कोणी दाखवावं, मी मिशी उतरवून देतो. ज्या ब्रेकला बाकीचे फिटर दोन तास घेत, त्याला हे दोन दिवस घेत. नट आवळायचा, सैल करायचा, पुसायचा, त्यावर फुंकर मारायची, पुन्हा आवळायचा. कोणी ओरडलं की मान वर न करता म्हणायचं, "होईल सावकाश." म्हणून नाव पडलं सावकाशराव. पुढे पुढे पगाराच्या दिवशी कारकून खरं नाव पुकारायचा, तेव्हा हे स्वतःच इकडेतिकडे बघत उभे राहायचे.

मी त्याच डेपोत तपासनीस. त्यांनी गाडी दुरुस्त करायची आणि मी ती नापास करायची, अशी आमची वाटणी होती. माझ्या मागे लोक मला नकारघंटा म्हणत. मला ठाऊक होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. रस्त्यावर चाक निखळण्यापेक्षा डेपोत घंटा वाजलेली बरी.

आमच्याकडे नियम साधा होता. गाडीत दोष सापडला की तपासनीस लाल चिठ्ठी लिहिणार, खाली सही करणार आणि ती तारेने स्टिअरिंगला बांधणार. चिठ्ठी असेपर्यंत गाडी हलायची नाही, इंजिनसुद्धा सुरू करायचं नाही. आणि ज्याने बांधली, त्यानेच ती सोडायची. नियम सगळ्यांना पाठ होता, पण मानणारा डेपोत एकच होता. एकदा मी एका बसला चिठ्ठी बांधून तीन दिवसांच्या रजेवर गेलो. बस नेमकी फाटकाच्या तोंडाशी आडवी उभी. व्यवस्थापक म्हणाला, चार हात मागे घ्या. सावकाशराव किल्ली खिशात घालून बसच्या पायरीवर बसले. व्यवस्थापकाने नोकरीची धमकी दिली, बाकीच्यांनी शिव्या दिल्या, तीन दिवस सगळ्या गाड्या मागच्या अरुंद फाटकातून अंग चोरत बाहेर पडल्या. ह्यांचं एकच पालुपद, "साहेबांनी बांधलीय. साहेब सोडतील." मी परतलो तेव्हा पायरीवर डबा उघडून जेवत होते. मी चिठ्ठी सोडली, तर म्हणाले, "बरं झालं आलात." बस, एवढंच. असल्या माणसाला शहाणा म्हणावं की ठोंब्या, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी माझी छाती मात्र फुगली होती, ते लपवत नाही.

नातं म्हणाल तर मी त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. घरी त्यांनी मला दादा म्हणायला हवं. पण जेवायला पानावर बसल्यावरही "साहेब, भाजी घ्या." मीही कधी सुधारलं नाही.

आता धाकटीबद्दल. ती त्याच डेपोच्या तिकीटखिडकीत बसायची. अठ्ठावीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाडीची तिकिटं तिने फाडली. ही गाडी चार दिवस जायची. आधी शेतं, मग घाट, मग झाडंझुडूप नसलेला मोठा माळ, आणि शेवटी समुद्र. मधले सदतीस थांबे तिला क्रमाने तोंडपाठ. ताटं पुसताना ती ते पुटपुटायची. टाकीचा थांबा, पुलाचा थांबा, दोन दगडांचा थांबा, आणि असं करत शेवटचा थांबा. तिथला खांब थेट वाळूत रोवलाय, असं कुठल्याशा प्रवाशाने तिला सांगितलं होतं. आपण स्वतः मात्र ती कधी टाकीच्या थांब्यापर्यंतसुद्धा गेली नाही. रजा मिळाली की ह्यांचं काम संपलेलं नसे. हे मोकळे झाले की तिची रजा संपलेली असे. मग गाडीच बंद झाली. माळावरचा रस्ता इतका उखडला की आता तिथून फक्त अवजड वाहनं जातात.

ती निवृत्त झाली आणि वर्षभरात तिची नजर बिघडली. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. नजर कडांकडून विझत जाणार, मधलं शेवटपर्यंत दिसेल, पण ते मधलं लहान लहान होत जाईल. "नळीतून बघितल्यासारखं," ती म्हणाली. डॉक्टर हो म्हणाले. किती दिवस, तर वर्ष, दीड वर्ष. मी तिथंच होतो. सावकाशरावही होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते तिला म्हणाले, "शेवटच्या थांब्याला जाऊ."

माणसाने वचन द्यावं, पण आपल्या अंगाचा अंदाज घेऊन द्यावं! ज्याला बाजारातून साबण आणायला दुपार पुरत नाही, तो चार दिवसांच्या रस्त्याची भाषा करतो. आणि केलं काय, तर लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात जाऊन एक ट्रक उचलला.

तो ट्रक आला तो दुसऱ्या ट्रकवर बसून. प्रवासाला निघायची ही तऱ्हा! सहा चाकं, त्यातली दोन जागेवर. हौद्यात गुडघाभर गवत. टपाला गोळीचं म्हणा, गंजाचं म्हणा, एक भोक. रंग कधीकाळी हिरवा असावा. सीटखालच्या पेटीत कुणा शिपायाचा एकच मोजा होता, तो ह्यांनी धुऊन वाळत घातला. का, ते त्यांनाच माहीत. समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "युद्ध कोणाशी पुकारलंय?" पुढे त्यानेच हौद्याची ताडपत्री शिवून दिली, तो भाग वेगळा. मी म्हणालो, "ह्याच्यापेक्षा बैल घ्यायचा होता, निदान चालत घरी आला असता." धाकटी हसली. सावकाशराव ट्रकभोवती फिरून आले आणि मला म्हणाले, "साहेब, तपासा."

मी निवृत्त होताना चिठ्ठ्यांचं एक अख्खं पुस्तक घरी आणलं होतं. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर मी त्याला चोर म्हणालो असतो. ते घेऊन आलो, बाही सरसावली आणि तेवीस दोष लिहिले. ब्रेकचे लायनर गेलेले, टाकीत गंजाचा चिखल, रेडिएटरला चार ठिकाणी गळती, कमानपाट्याची दोन पानं तुटलेली, स्टिअरिंग पाव फेरा मोकळं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही लिहावं लागलं. सही केली, तार पिळली. सावकाशरावांनी चिठ्ठी अशी वाचली, जसं काही बक्षीसच मिळालंय. "होईल सावकाश," म्हणाले.

आठ महिने लागले. आठ! दुसऱ्या माणसाने तीन महिन्यांत उरकलं असतं. पण ह्यांना गंजलेला बोल्ट तोडायचा नसतो, मनवायचा असतो. सकाळी तेल सोडायचं, दुपारी टिचकी मारायची, संध्याकाळी पान्याने केसभर हलवायचा, आणि म्हणायचं, "ऐकायला लागलाय." मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि तोंडाचा पट्टा सोडायचो. मी रोज तिथं असायचो, हे सांगायला हवं. माझी खोली दोन गल्ल्या पलीकडे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या स्टोव्हवर चहापलीकडे काही चढत नाही. दुपारचं आणि रात्रीचं पान धाकटीकडेच. मी म्हणायचो, जेवायला जात नाही, लक्ष ठेवायला जातो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. ट्रक आला त्या दिवशी मोरीपाशी उभी राहून धाकटीने तो बॉनेटपासून शेपटापर्यंत एका नजरेत बघितला होता. काही आठवड्यांनी ती ताट विसळत सहज म्हणाली, "मागचं चाक गेलं." मला वाटलं, कोणी चोरलं. तसं नव्हतं. मान न वळवता तिला आता ते दिसत नव्हतं. मग हौदा गेला. मग केबिनचं दार. बाहेर ट्रकला एकेक भाग लागत होता आणि आत तिच्या खिडकीतून एकेक भाग कमी होत होता. ती हे रडत सांगायची नाही. तिकीटखिडकीत बसून "गाडी भरली, पुढची बघा" म्हणायची ना, त्या आवाजात सांगायची.

दुसऱ्या तपासणीत मी नऊ दोष काढले. तेही खरे. ते दुरुस्त व्हायला तीन महिने. तोवर मात्र त्या धुडाचा ट्रक झाला होता, हे नकारघंटेलाही कबूल करावं लागेल. नवा हिरवा रंग, हौद्यात बाक आणि त्यावर गादी, पाण्याची दोन पिंपं घट्ट बांधलेली, धाकटीसाठी पुढच्या सीटसमोर धरायला दांडा. दांड्याला कापड गुंडाळलेलं, हाताला टोचू नये म्हणून. ती शिवण स्वतः सावकाशरावांनी घातलेली होती. वाकडी.

तिसऱ्या वेळी मी ट्रकखाली तासभर आडवा होतो. लायनर, नळ्या, पाटे, सगळ्या पिना. प्रत्येक नटाला पाना लावला. एक तरी हलावा म्हणून जोर लावला, म्हटलं तरी चालेल. एकही हलला नाही. खालून सावकाशरावांची चप्पल दिसत होती, तिच्या शेजारी धाकटीचे पाय. ती म्हणाली, "दादा, पास ना? मग सोमवारी निघू." तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो, मग मला हवं ते म्हणा. माझ्या डोक्यात आलं, सोमवारी दुपारी मी कुठं जेवू?

मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि चिठ्ठी लिहिली. मागच्या एक्सलच्या कवचाला केसासारखा बारीक तडा. सही. तार.

एक्सलचा तडा हा असा दोष आहे, की सगळं उतरवल्याशिवाय तो आहे की नाही हे सांगता येत नाही. मी तोच निवडला, उगाच नव्हे. माळावर एक्सल मोडला तर चार दिवस कोणी येत नाही, त्यातून बाई अर्धी आंधळी, असं मी मनाशी घोकलं आणि ते इतकं बरोबर वाटलं, की रात्री शांत झोप लागली. आपली सोय आणि दुसऱ्याची काळजी एकाच कापडातून बेतता येते. शिंप्यालाही जमणार नाही इतक्या सफाईने.

सावकाशरावांनी चिठ्ठी वाचली आणि कामाला लागले. ट्रक घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवला, चाकं काढली, एक्सल उतरवायलाच तीन आठवडे घेतले. मग खडूची तपासणी. लोखंड रॉकेलने न्हाऊ घालायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. रेघ आली नाही. त्यांनी पुन्हा केलं. आली नाही. तिसऱ्यांदा केलं आणि मला बोलावलं.

"साहेब, मला रेघ दिसत नाही."

"नीट बघा," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात धाकटीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिची तपासणी झाल्यावर सावकाशराव स्वतः खुर्चीत बसले. "माझेही डोळे बघा. बारीक दिसत नाही." डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर चांगली आहे. हे म्हणाले, नाही, साहेबांना दिसलेली गोष्ट मला दिसत नाही. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून एक चष्मा लिहून दिला. तो चष्मा घालून हा माणूस पुन्हा अंगणात एक्सलसमोर उकिडवा बसला. काच पुसायची, लोखंड पुसायचं, खडू फासायचा. मी खुर्चीत बसून चहा प्यायचो. त्या दिवसांत माझी जीभ जास्तच चालत होती. "चष्मा लावून बुद्धी येत नाही," असं मी म्हणालो होतो. हे मीच म्हणालो होतो.

असे दहा आठवडे गेले.

एका दुपारी सावकाशराव सांध्यात घालायचा पॅकिंगचा कागद आणायला बाजारात गेले. म्हणजे संध्याकाळपर्यंत निश्चिंती. मी खुर्चीत. धाकटी मागच्या दाराने बाहेर आली, भिंतीला हात लावत, मग ट्रकला हात लावत. एक खोकं ओढलं आणि घोड्यांवर ठेवलेल्या त्या पांढऱ्या एक्सलसमोर बसली.

"तू काय करतेस?" मी विचारलं.

"बघते."

"तुला काय दिसणार त्यात?"

"एवढं दिसतं," ती म्हणाली आणि तर्जनी नि अंगठ्याने एक वाटी करून दाखवली. "पण एवढं कोणापेक्षाही चांगलं दिसतं."

एका टोकापासून तिने सुरुवात केली. चेहरा लोखंडाला लागेल इतका जवळ, बोटभर बोटभर सरकत. खालची बाजू आली तेव्हा चटई टाकून आडवी झाली. तिकिटांचा गठ्ठा मोजताना लागायची तशी तिची तंद्री लागली होती. मध्ये बोलावं असं मला बऱ्याचदा वाटलं. चहा गार झाला. तासाभराने ती दुसऱ्या टोकाला उठून बसली. नाकाला, कपाळाला, पदराला खडू.

"तडा नाही, दादा."

"डोळे धड नाहीत आणि—"

"तडा नाही. कधीच नव्हता. तू एकतीस वर्षांत चुकून चिठ्ठी लिहिली नाहीस. म्हणजे ही चुकून लिहिलेली नाही."

मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तिला मी सायकल शिकवली, नोकरीचा अर्ज भरून दिला. थोरल्या भावाने अशा वेळी काहीतरी भारदस्त बोलावं. माझ्या तोंडून निघालं, "मग मी जेवू कुठं?"

ती बघत राहिली. म्हणजे माझं नाक, किंवा एक डोळा, जे काही त्या वाटीत मावलं असेल ते. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ती इतकी चिडली की खडूचा डबा तिने लाथेने उडवला. लाथ नेमकी बसली.

"दहा आठवडे, दादा! मला आता बॉनेटसुद्धा दिसत नाही. नुसता दिवा दिसतो, एक!"

मी डबा उचलून सरळ ठेवला.

"काढ ती चिठ्ठी. मी फाडली तर हे गाडी हलवणार नाहीत, तुला माहितीय. आणि ह्यांना तू सांग. मी नाही सांगणार. तू बांधलीस, तू सोड."

संध्याकाळी सावकाशराव आले. मी चिठ्ठी सोडली आणि नियमाप्रमाणे तिच्यावर लिहिलं, दोष दूर. त्यांनी चष्मा वर ढकलत विचारलं, "गेला तडा?" मी म्हणालो, "पास आहे." धाकटी दारात उभी होती. तिने माझ्याकडे तोंड केलं, थांबली, आणि आत गेली.

एक्सल चढवायला ह्यांनी बारा दिवस घेतले. मग डेपोच्या रिवाजाप्रमाणे चाचणीची फेरी, तपासनीस शेजारी बसून. गावाबाहेरच्या वजनकाट्यापर्यंत गेलो आणि आलो. कुठं खडखड नाही, कुर्रर्र नाही. एवढं लोखंड इतकं गुपचूप चालतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हणालो, "हॉर्न जरा चिरका आहे." काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

ते निघाले त्या सकाळी धाकटीने मला एक कागद दिला. वेळापत्रकावर असायचं तसं मोठं, ठसठशीत अक्षर. भात आणि भाजी कशी करायची, ते क्रमाने. शेवटच्या ओळीत, स्टोव्ह बंद कर. सावकाशरावांनी हात पुसून पुढे केला. "साहेब, येतो." शिंप्याने दुकानातून हात हलवला. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला, आणि मी रिकाम्या अंगणात परत आलो. जमिनीवर खडूचा चुरा होता. तो मी झाडला.

चार दिवसांचा रस्ता. पाचव्या दिवशी फोन यायला हवा होता. आला सहाव्या दिवशी, एका पंपावरून.

"पोचलात?" मी म्हणालो.

"पुलाच्या थांब्यावर आहोत," धाकटी म्हणाली.

म्हणजे पहिल्या दिवसाच्या संध्याकाळचा थांबा. मला वाटलं, सावकाशराव ते सावकाशराव, पाहून पाहून चालवत असतील. मी तसं बोललोही. दोन शेलकी विशेषणं लावली.

"चालवतात चांगलं," ती म्हणाली. "पण रोज सकाळी खाली झोपतात. रॉकेल, खडू. मागचा एक्सल. दुपार होते, ऊन चढतं, मग जेमतेम तास-दोन तास गाडी चालते. तू सांगितलं नाहीस, दादा."

"तू सांग ना!"

"देते त्यांना," ती म्हणाली.

फोन हातातून हातात गेला. मागे कुठलीशी गाडी डिझेल भरत होती. मग सावकाशराव. आवाजात नेहमीचा आदर, वर थोडा संकोच.

"साहेब, बरं झालं बोललात. तडा वाढलेला दिसत नाही. पण तो नेमका कुठं होता तेच मला कळलं नाही, म्हणून रोज सगळाच बघावा लागतो. डाव्या बाजूला की उजव्या, एवढं सांगितलंत तर वेळ वाचेल. हिला आता फार दिवस नाहीत, दिसण्याचे."

एकतीस वर्षं मी ह्या माणसाला सावकाश म्हणून हिणवलं. लायनर असो, बोल्ट असो, बायकोचं वचन असो. आणि त्याची सकाळ न् सकाळ मीच खात बसलो होतो. दोन गल्ल्या पलीकडे बसून.

"कुठल्याच बाजूला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तडा नव्हता. मी खोटं लिहिलं. तुम्ही जाऊ नये म्हणून. तुमचे डोळे ठीक आहेत."

मला शिव्या हव्या होत्या. त्या त्यांना येत नाहीत, हे माहीत असूनही मी वाट बघत होतो.

"म्हणजे चष्मा उगाच केला," ते म्हणाले.

"उगाच."

"बरं." मग, "ठेवतो. निघायला हवं."

निघायला हवं! डेपोत, घरात, कुठंही, ह्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. फोन कट झाला. मला ‘साहेब’सुद्धा म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. ह्या खेपेस मागे वारा होता, इतका की धाकटीला ओरडून बोलावं लागत होतं. खांब खरंच वाळूत आहे, पण पाटी पडलीय. ह्यांनी ती सरळ करून बांधायला घेतलीय, तारेने. म्हणजे आता संध्याकाळ होणार.

"समुद्र दिसला?" मी विचारलं.

"दिसला. बशीएवढा. मान फिरवली की पुढची बशी." ती हसली. मग म्हणाली, "दहा आठवड्यांआधी ताटाएवढा दिसला असता."

रागाने नाही म्हणाली. खिडकीतून भाडं सांगावं, तसं म्हणाली. नेमका आकडा, कमी नाही की जास्त नाही. कानात नुसता वारा. मध्येच कोणीतरी तारेवर पाना आपटल्याचा आवाज आला.

"दादा," ती ओरडली, "जेवलास का?"

"नाही," मी म्हणालो. "भात करपला."